जीएम बियाणं सरकारी असेल, तर चालेल का?

पाणकणीस

जीएम, म्हणजे प्रयोगशाळेत जनुक बदललेल्या, पिकांचा विषय निघाला की दोनच वाक्यं कानावर पडतात. एक, "हे विष आहे." दुसरं, "याच्याशिवाय जग उपाशी मरेल." दोन्ही बाजूंच्या निम्म्या वीरांनी तण फक्त फोटोत पाहिलेलं असतं.

माझं निरीक्षण असं, की विरोधक बोलायला लागतात आरोग्यापासून, आणि अर्ध्या तासात गाडी कंपनीवर येते. पेटंट, मक्तेदारी, दरवर्षी नवं पाकीट. समर्थकांचंही तेच. सुरुवात विज्ञानापासून आणि शेवट "शेतकऱ्याला स्वातंत्र्य द्या" इथं. म्हणजे भांडण जनुकाचं आहे की मालकीचं, हेच ठरत नाही.

म्हणून एक सरळ प्रश्न. समजा जनुक सरकारी संस्थेनं तयार केलं, पेटंटची कटकट नाही, आणि वाण सरळ आहे, संकरित नाही. म्हणजे घरचं बी ठेवून पुढच्या हंगामात पेरता येईल. तरी तुमचा विरोध राहील का? राहिला तर नेमका कशाला?

मी स्वतः समर्थनाच्या बाजूला झुकलेला आहे, हे आधीच सांगून टाकतो. उगाच तटस्थपणाचा आव नको.

रिकामटेकडा

रुमाल टाकून ठेवतो. पॉपकॉर्न घेऊन बसलोय. (मका जीएम नसावा अशी आशा.)

सूक्ष्मदर्शी

@रिकामटेकडा, पॉपकॉर्नचा मका वेगळा असतो, त्यात जीएम वाण बाजारात नाहीत. निर्धास्त खा.

मूळ प्रश्नाबद्दल. आरोग्याचा मुद्दा एकदाचा बाजूला ठेवू या. १९८२ पासून मधुमेहाचे रुग्ण जनुक बदललेल्या जिवाणूंनी बनवलेलं इन्सुलिन टोचून घेतायत, त्याविरुद्ध मोर्चा निघालेला आठवत नाही. रताळ्यात तर ॲग्रोबॅक्टेरियम नावाच्या जिवाणूचा डीएनए आपला आपण घुसून बसलाय, हजारो वर्षांपूर्वी. प्रयोगशाळेत जनुक घालायला हाच जिवाणू वापरतात. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं किरणोत्सार देऊन भुईमुगाचे वाण काढले. त्यात किती जनुकं कुठं मोडली हे कुणी विचारलं नाही, आपण शेंगा फोडून खाल्ल्या. आणि एकच जनुक, माहीत असलेलं, मोजून घातलं की मात्र "निसर्गाशी खेळ".

२०१६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीनं शेकडो अभ्यास तपासून अहवाल दिला. जीएम अन्नामुळे माणसाच्या आरोग्याला जास्तीचा धोका असल्याचा ठोस पुरावा नाही, असं त्यात स्पष्ट आहे. उंदरांना गाठी आल्याचे जे फोटो अजून फिरत असतात, तो सेरालिनी यांचा २०१२ चा निबंध नियतकालिकानं २०१३ मध्येच मागं घेतला.

पानगळ

@सूक्ष्मदर्शी, अहवाल पूर्ण वाचलात ना? त्याच अहवालात हेही आहे की जीएम आल्यामुळे अमेरिकेत मका, सोयाबीन, कापसाच्या उत्पादनवाढीचा वेग वाढला असं राष्ट्रीय आकडेवारीत दिसत नाही. "जग उपाशी मरेल" या वाक्याचं काय करायचं मग?

आणि इन्सुलिनची बाटली शेतात उडून शेजारच्याच्या बाटलीत मिसळत नाही. परागकण मिसळतात.

माझा विरोध आरोग्यावरून नाहीच मुळी. जगात पेरलेली बहुतेक जीएम पिकं दोनच गुणांची आहेत: कीड मारणारी, किंवा तणनाशक सहन करणारी. दुष्काळ सोसणारी, कमी खतात येणारी अशी वाणं आली-आली म्हणून ऐकतोय, पण त्यांचं क्षेत्र बघा केवढं आहे. जे विकलं जाऊ शकतं तेच संशोधन झालं. त्यामुळे पाणकणीस यांच्या प्रश्नाचं माझं उत्तर: सरकारी असलं तरी गुण कुठला, हे आधी विचारीन. तणनाशक सहन करणारं पीक सरकारनं फुकट वाटलं तरी नको.

तिफण

बियाणं म्हणे परत उगवतच नाही! टर्मिनेटर जनुक घालतात त्यात. शेतकऱ्याला कायमचं परावलंबी करायचा डाव आहे हा.

वकीलबुवा

@तिफण, टर्मिनेटरची गोष्ट आता निवृत्त करा राव. पेटंट १९९८ चं, खरं आहे. पण ते तंत्र कधीच बाजारात आलं नाही. आपल्या २००१ च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यात तर अशा तंत्राच्या वाणांना नोंदणीच नाही. त्याच कायद्याचं कलम ३९ वाचा: शेतकरी बी ठेवू शकतो, पेरू शकतो, देवाणघेवाण करू शकतो, विकूही शकतो. फक्त ब्रँडचं नाव लावून विकता येत नाही. अमेरिकेत बोमन नावाचा शेतकरी सोयाबीनचं बी पुन्हा पेरल्याबद्दल २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरला. आपल्याकडे तशी केस उभी राहणं अवघड.

तुम्ही जे म्हणताय ते संकरित बियाण्याचं आहे. संकरित वाणाचं बी पुन्हा पेरलं तर उगवतं, पण पीक एकसारखं येत नाही. कंपनीला जनुकाचं कुलूप लावायची गरजच नाही, संकर हेच कुलूप आहे.

तिफण

बरं. कुलूप आहे हे तरी मान्य केलंत.

मोघडा

बराच वेळ वाचत होतो. मी कापूस पेरणारा. बापजाद्यांपासून. कोरडवाहू.

बीटी कापूस, म्हणजे अळी मारणारं जिवाणूचं जनुक घातलेला कापूस, आला तेव्हाची गोष्ट सांगतो, कारण इथं ती कुणी सांगत नाहीये. त्याआधी हिरवी बोंडअळी म्हणजे काळ होती. फवारून फवारून माणूस अर्धा मरायचा, अळी मरायची नाही. २००२ ला परवानगी मिळाली, त्याच्या आधीच गुजरातेतून चोरून आलेलं बी लोकांनी पेरलं होतं. पहिली काही वर्षं खरंच सुखाची गेली. फवारणी निम्म्यावर आली. ज्याला हे नाकारायचं असेल त्यानं खुशाल नाकारावं, पण त्यानं ती पाठीवरची टाकी उचललेली नसणार.

मग गुलाबी बोंडअळी आली. तिचा त्रास असा की बाहेरून काही दिसत नाही. बोंड हिरवंगार, टणक, देखणं. अळी बारीक असताना आत शिरते आणि शिरलेलं छिद्र बुजून जातं. तुम्ही झाडाकडे बघून खूश. बोंड दाताखाली किंवा दगडावर फोडलं की आत एखाद्या कप्प्यात सरकी पोखरलेली, रुई पिवळीतांबूस डागाळलेली, आणि मध्ये गुलाबी पट्ट्यांची अळी आरामात पडलेली. असं बोंड नीट उमलतच नाही. कवडी होते. वेचणाऱ्या बाया ती वेगळी काढतात, व्यापारी हातात घेऊन नुसतं बघतो.

फुलातच सापडली तर बरं. अळी असलेलं फूल उमलत नाही, पाकळ्या एकमेकींत गुंतून गुलाबाच्या कळीसारखं बांधलेलं राहतं. त्याला आम्ही डोमकळी म्हणतो. ती तोडून नष्ट केली तर पुढचं बरंच वाचतं. पण शेतभर वाकून डोमकळ्या शोधायला माणसं कुठाय?

सूक्ष्मदर्शी

@मोघडा, फार छान लिहिलंत. एक विचारू? पाकिटासोबत साध्या कापसाचं छोटं पाकीट यायचं, बांधाला लावायला. ते लावत होतात?

मोघडा

खरं सांगू? फार थोडे लावायचे. साडेचारशे ग्रॅमच्या पाकिटासोबत एकशेवीस ग्रॅमचं ते पाकीट यायचं. दुकानदार सांगायचा, "ते फेकून द्या." बी कसलं, उगवण कशी, काही भरवसा नाही. आणि कडेनं पाच ओळी मुद्दाम अळीला खायला ठेवायच्या, असं ज्याला एवढीशी जमीन आहे त्याला कुणी नीट समजावून सांगितलंच नाही. पाकिटावर बारीक अक्षरात छापलं की झालं समजावणं?

सूक्ष्मदर्शी

तिथंच सगळं फसलं. इतरांसाठी थोडं विस्तारानं लिहितो.

बीटी कापसावर ज्या अळ्या जगतात त्या विष पचवणाऱ्या. त्यांचं आपसात मीलन झालं की पुढची सगळी पिढी तशीच. शेजारी साधा कापूस असला तर तिथं वाढलेले साधे पतंग या मोजक्या प्रतिकारक पतंगांशी जोड्या लावतात आणि प्रतिकार पातळ होत जातो. हिरवी बोंडअळी तूर, हरभरा, टोमॅटो काहीही खाते, त्यामुळे तिला साधं रान आपोआप मिळतं. गुलाबी अळी आपल्याकडे जवळजवळ कापसावरच जगते. नव्वद टक्क्यांहून जास्त कापूस बीटी झाल्यावर तिच्यासमोर दोनच वाटा होत्या, मरा किंवा शिका. ती शिकली. पहिल्या जनुकाला २००९-१० च्या सुमारास गुजरातेत, आणि २००६ साली आलेल्या दोन जनुकांच्या वाणाला पुढच्या सात-आठ वर्षांत.

भर म्हणून आपण लांब मुदतीचे संकर पेरले आणि फरदड ठेवली, म्हणजे वेचणी झाल्यावरही पीक रानात उभंच ठेवलं. अळीला हिवाळाभर जेवण.

आता हे बघा. अमेरिकेनं २०१८ मध्ये गुलाबी बोंडअळीचं उच्चाटन झाल्याचं जाहीर केलं. बीटी कापूस होताच, पण सोबत विमानातून नपुंसक पतंग सोडले, नर पतंगांना चकवणाऱ्या कामगंधाचा मारा केला, पीक निघाल्यावर पऱ्हाट्या गाडल्या, आणि हे सगळं अख्ख्या पट्ट्यानं एकाच वेळी केलं. जनुक तेच, निकाल उलटा.

पानगळ

@सूक्ष्मदर्शी, मग हे तंत्रज्ञानाचं यश म्हणायचं की व्यवस्थेचं? जिथं हजारो एकरांचे मालक एकमेकांना फोन करून ठरवू शकतात तिथं चालतं. आपल्याकडे सरासरी जमीनधारणा १.०८ हेक्टर आहे, २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणे. ज्या तंत्रज्ञानाला चालण्यासाठी अशी शिस्त लागते, ते इथं आणताना त्या शिस्तीची जबाबदारी कुणाची होती? शेवटी दोष शेतकऱ्यावर. "पाच ओळी लावल्या नाहीत."

आणि फवारणीचं म्हणाल तर २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली. बीटी येऊन पंधरा वर्षं झाली होती.

मोघडा

@पानगळ, त्या वर्षीचं काही बोलू नका. पीक डोक्याच्या वर गेलं होतं. नळी वर धरून फवारायचं, म्हणजे औषध सगळं स्वतःच्याच अंगावर. कापडाला भिजलेला वास धुऊनही जात नव्हता.

धुमकेतू

उत्पादन तरी वाढलं की नाही ते सांगा कुणीतरी. भावना बाजूला ठेवून.

सूक्ष्मदर्शी

२००१-०२ मध्ये हेक्टरी रुई साधारण ३०० किलो. २००७-०८ पर्यंत साडेपाचशेच्या आसपास. त्यानंतर घसरून साडेचारशेच्या आगेमागे.

पानगळ

त्यातली वाढ किती बीटीची आणि किती खतपाण्याची, यावर नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक केशव क्रांती यांचा ग्लेन स्टोन यांच्यासोबतचा २०२० चा निबंध आहे. त्यांच्या मते खतं, सिंचन, नवी कीटकनाशकं यांचा वाटा मोठा. हे गृहस्थ काही झोळीवाले कार्यकर्ते नव्हेत.

रिकामटेकडा

पॉपकॉर्न संपले. कणीस भाजायला ठेवलंय. चालू द्या.

अबोली_

मला वेगळाच मुद्दा मांडायचाय. तणनाशक सहन करणाऱ्या, परवानगी नसलेल्या चोरट्या कापसावर सगळे कायद्याच्या बाजूनं बोलतात. २०१९ ला अकोला जिल्ह्यात शेतकरी संघटनेनं जाहीरपणे पेरून सविनय कायदेभंग केला, कलमं लागली, वगैरे. पण तण काढतं कोण? बाया. माझी आई निंदायला जायची. दिवसभर उकिडवं बसून सरकत जायचं, संध्याकाळी गुडघे सरळ होत नाहीत. ते काम जावं असं मला मनापासून वाटतं. आणि गेलं की तिच्यासारख्या भूमिहीन बाईच्या हातची मजुरीही गेली, हेही दिसतं. सर्वोच्च न्यायालयाच्या तज्ज्ञ समितीनं २०१३ च्या अहवालात तणनाशक सहन करणारी पिकं आपल्याकडे नकोत असं म्हटलं, त्यात रोजगाराचा मुद्दा होता. चांगलंच आहे. फक्त त्या बाईचे गुडघे अहवालात कुठंच नसतात.

मोघडा

ताई, बरोबर बोललात. मी चोरटं पेरलंय की नाही ते इथं लिहीत नाही, पण ऐन पावसात शेतात वाफसा नाही, डवरं चालत नाही, निंदायला माणूस मिळत नाही आणि गवत कमरेला लागलंय, अशा वेळी कायद्याचं पुस्तक आठवत नाही. मात्र बोगस पाकीट निघालं तर तक्रार कुणाकडे करणार? पावती नसते. हा चोरीच्या मालातला खरा तोटा.

पानगळ

@अबोली_, गुडघ्यांचं पटलं. त्यासाठी चांगली छोटी कोळपी, ओळीत चालणारी यंत्रं यावर संशोधन का नाही, हा माझा प्रश्न. एकच तणनाशक वर्षानुवर्षं मारलं की तणही शिकतं. अमेरिकेत पामर अमरँथ नावाचा राजगिऱ्याचा भाऊबंद ग्लायफोसेटला जुमानत नाही. मग दुसरं तणनाशक, त्याला तग धरणारं दुसरं बियाणं.

धुमकेतू

सगळ्यावर उपाय एकच: सेंद्रिय. आपले पूर्वज काय जीएम खात होते?

सूक्ष्मदर्शी

@धुमकेतू, पूर्वज दुष्काळात मरतही होते. श्रीलंकेनं एप्रिल २०२१ मध्ये एका फटक्यात रासायनिक खतांची आयात बंद केली आणि नोव्हेंबरपर्यंत निर्णय गुंडाळावा लागला. सेंद्रियला माझा विरोध नाही, सरकारी फर्मानाला आहे. गंमत म्हणजे बीटीचं मूळ जिवाणूच आहे आणि त्याची भुकटी सेंद्रिय शेतीत फवारायला चालते.

वकीलबुवा

आता मूळ प्रश्नाकडे वळतो, कारण पाणकणीस बिचारे गप्प झालेत. "सरकारी असेल तर?" याचं उत्तर कल्पनेत शोधायची गरज नाही. घडून गेलंय.

नागपूरची कापूस संस्था आणि धारवाडचं कृषी विद्यापीठ यांनी मिळून 'बिकानेरी नरमा बीटी' हा सरळ वाण काढला. २००९ मध्ये शेतकऱ्यांच्या हातात आला. घरचं बी ठेवा, पुन्हा पेरा, अगदी धाग्यातल्या अटींसारखा. मग त्यात मोन्सँटो या बियाणं कंपनीच्याच बीटीमधला जनुकसंच सापडला, वाण मागं घ्यावा लागला, चौकशी समिती बसली. पुढं २०१७ च्या सुमारास पंजाब कृषी विद्यापीठाचा 'पीएयू बीटी १' आला, तोही सरळ वाण. पण त्यातलं जनुक पहिल्या पिढीचं. गुलाबी अळी तोवर ते पचवून बसली होती.

पाणकणीस

गप्प नाही, वाचतोय. @वकीलबुवा, बिकानेरी नरमाचं माहीत होतं. पण त्याचा अर्थ सरकारी संस्थांना जमत नाही असा मी घेत नाही. बांगलादेश बघा. बीटी वांगं आपल्याकडे २००९ मध्ये केंद्राच्या जीएम मंजुरी समितीनं मंजूर केलं, तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी जनसुनावण्या घेऊन फेब्रुवारी २०१० मध्ये स्थगिती दिली. तेच वांगं बांगलादेशानं २०१३ मध्ये मंजूर केलं, २०१४ च्या सुरुवातीला वीस शेतकऱ्यांपासून सुरुवात. त्यांच्या सरकारी कृषी संशोधन संस्थेनं तिथल्याच सरळ वाणांत जनुक घातलं. बी घरचं ठेवता येतं.

अडकित्ता

बीटी वांग्याचं भरीत लागतं कसं?

पाणकणीस

वांगं शेवटी वाण बघून लागतं. जनुकाला चव नसते.

सूक्ष्मदर्शी

सरकारी असून अडलेली उदाहरणंही आहेतच. गोल्डन राइसला (अ जीवनसत्त्वासाठी जनुक घातलेला भात) पेटंटचा अडथळा छोट्या शेतकऱ्यांपुरता आधीच काढला होता, तरी फिलिपिन्समध्ये २०२१ ला मिळालेली परवानगी न्यायालयानं २०२४ मध्ये रद्द केली. आपली जीएम मोहरी डीएमएच-११ दिल्ली विद्यापीठात दीपक पेंटल यांच्या गटानं केलेली, खर्च बराचसा सार्वजनिक. ऑक्टोबर २०२२ ला समितीची मंजुरी, जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींची दोन मतं.

पानगळ

मोहरीचंच घ्या. ती संकरित आहे, म्हणजे बी दरवर्षी विकतच. आणि संकर करायला जे जनुक घातलंय त्याच्या जोडीला तणनाशक सोसणारं जनुकही आहे. सरकारी शिक्का मारला म्हणून गुण बदलत नाही.

शिवाय पारदर्शकता. वांग्याची जैवसुरक्षा चाचण्यांची कागदपत्रं न्यायालयाच्या दट्ट्यानं का होईना, संकेतस्थळावर आली होती. मोहरीच्या वेळी पूर्ण कागदपत्रं मंत्रालयात जाऊन वाचा म्हणाले. जनतेच्या पैशाचं संशोधन जनतेनं दिल्लीला जाऊन वाचायचं?

सूक्ष्मदर्शी

यावर मात्र सहमत. लपवून ठेवलं की संशय वाढतोच. दोन्ही न्यायमूर्तींचं एका गोष्टीवर एकमत होतं: केंद्रानं सगळ्यांशी सल्लामसलत करून राष्ट्रीय धोरण आखावं.

आता पुढचा प्रश्न जनुकसंपादनाचा. मे २०२५ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेनं भाताचे दोन वाण जाहीर केले, 'कमला' आणि 'पुसा डीएसटी राइस १'. परकं जनुक नाही, भाताच्याच जनुकात दुरुस्ती. २०२२ पासून अशा वाणांना जीएमची लांबलचक मंजुरी प्रक्रिया लागू नाही. सांबा मसुरीपासून केलेला 'कमला' वीसेक दिवस आधी तयार होतो असं सांगतात. विरोधकांनो, याला पण ना का?

वकीलबुवा

युरोपच्या न्यायालयानं २०१८ मध्ये जनुकसंपादित पिकंही जीएमच धरली होती. आणि वाण सरकारी असला तरी जनुक कापायच्या कात्रीचं, म्हणजे त्या तंत्राचं, पेटंट परदेशी आहे, हे विसरू नका. परवाना कोण देणार, कोणत्या अटींवर, हा कागद मला बघायचाय.

पानगळ

मला सरसकट ना म्हणायचं नाहीये. पण "परकं जनुक नाही" म्हणून तपासणीच नको, हे पटत नाही. शेतातल्या चाचण्यांचे आकडे केंद्रनिहाय उघड करा, मग बोलू.

धुमकेतू

थोडक्यात कुणीच मत बदललं नाही. धागा यशस्वी.

मोघडा

पाणकणीस, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडून उत्तर घ्या, कारण शेवटी पेरायचं मलाच आहे.

सरकारी, सरळ वाण, घरचं बी. मी पेरीन. उद्या पेरीन. पण माझ्या दोन अटी आहेत. वाण दीडशे दिवसांच्या आत निघालं पाहिजे, म्हणजे डिसेंबरात रान मोकळं करून हरभरा टाकता येईल आणि अळीला घर राहणार नाही. आणि कुणीतरी दरवर्षी मोजलं पाहिजे. म्हणजे काय, तर सापळे लावून पतंग मोजायचे, बोंडं फोडून अळ्या तपासायच्या, जनुक अजून चालतंय की नाही ते हंगामाच्या आधी सांगायचं. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग सापडले की फवारा, हे मला कळतं. पण माझ्या एकट्याच्या सापळ्यानं तालुक्याचं काय कळणार? बियाणं विकताना गाडी घेऊन गावोगाव फिरतात. जनुक संपलं हे सांगायला कुणीही आलं नव्हतं, ते मला बोंड फोडल्यावर कळलं.

पाणकणीस

@मोघडा, मोजायचं काम कृषी विद्यापीठानं करावं की कृषी खात्यानं? तुमच्याकडे प्रत्यक्ष कोण येतं?

मोघडा

कृषी सहायक येतो. चांगला पोरगा आहे, पण त्याच्याकडे गावं इतकी की आमच्या शिवाराची पाळी येईस्तोवर वेचणी सुरू झालेली असते. आम्ही काही जणांनी यंदा आपापले सापळे लावून रोजचा आकडा ग्रुपवर टाकायचं ठरवलंय. पानगळ, तुम्ही आकडे उघड करा म्हणत होता ना, आमचे घ्या. तक्ता कसा मांडायचा ते मात्र कुणीतरी सांगा.

पानगळ

सांगते. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. तारीख, सापळा क्रमांक, पतंग, वाणाचं नाव आणि पेरणीची तारीख एवढे रकाने पुरेत. वाणाचं नाव विसरू नका, नाहीतर पुढं काहीच सिद्ध होत नाही.

सूक्ष्मदर्शी

त्यात 'फोडलेली बोंडं' आणि 'किडकी बोंडं' हे दोन रकाने वाढवा. वीस बोंडं फोडायची, झाडं न निवडता, चालता चालता हाताला येतील ती.